एका ओळीची बॉर्डर

चुरमुऱ्यांच्या गिरमिटातल्या कच्च्या कांद्याचा वास आला की गोकुळ रोडवरचं आमचं छोटं ऑफिस आठवतं. वेबपेज कसं दिसावं हे सांगणाऱ्या सूचना, म्हणजे स्टाइलशीट, वाचणारं इंजिन मी तिथं लिहीत होते. त्यात आधी चौकटीच्या बॉर्डरचा रंग, जाडी वेगवेगळी सांगितलेली असली, तरी खाली कुणी एका ओळीत बॉर्डर लिहिली की आधी सांगितलेलं पण त्या ओळीत नसलेलं सगळं पुसलं गेलं पाहिजे. तेच इंजिनकडून करून घेणं आमच्यात कुणाला जमत नव्हतं. मला जमलं. शेजारी बसणारे सीनियर, ज्यांना मी अण्णा म्हणायचे, म्हणाले, "मला पण सांग की गं." गिरमिट खात खात मी त्यांना सगळं समजावलं. संध्याकाळी मालकांनी विचारलं, "हे कुणी सोडवलं?" माझ्यासमोर अण्णा म्हणाले, "मीच, सर." ओळीत जे नाही ते पुसायचं, हे किती पक्कं शिकवलं होतं मी त्यांना, असं आजही वाटतं.