खिडकी मागणारी बाई

भुताखेतावर माझा विश्वास नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर म्हणाल, म्हातारा बायकोच्या दुखण्यानं हलला. उभा जन्म शनिवार पेठेत फोटोफ्रेमच्या दुकानात गेला. गेलेल्या माणसांचे फोटो रोज हाताखालून जायचे. काच बसवायची, खाली ब्रशनं नाव घालायचं. एकही फोटो कधी उठून माझ्याशी बोलला नाही. शाळा चौथीपर्यंत. अक्षर वळणदार झालं ते या मेलेल्यांच्या नावांमुळं. तुमच्या या पानावर लोक असले अनुभव लिहितात, ते मी वाचतो आणि निम्म्यांना थापाडे म्हणतो. आता माझं वाचून तुम्ही मला म्हणा. हरकत नाही.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या मंडळींना – सुलोचना नाव – पॅरालिसिसचा झटका आला. आम्ही धायरीला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. म्हणून हॉस्पिटलातून तिला सरळ लोणी काळभोरला मुलीकडं नेलं. तिचं घर तळमजल्यावर आहे. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही पण इथंच राहा. जावयाच्या घरी मुक्काम ठोकणाऱ्यातला मी नाही. मग रोज सकाळी धायरीहून निघायचं, स्वारगेटला बस बदलायची, हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये भाजून निघायचं, तिच्यापाशी थोडं बसायचं आणि परत तीच वरात उलटी. पाय सुजायचे. मुलगा म्हणायचा, "बाबा, रोज कशाला? आईला कळत पण नाही कोण आलंय."

म्हटलं, "मला कळतंय ना."

पण त्याचं खोटं नव्हतं. तिचे डोळे उघडे असायचे, बघायचे मात्र कुणाकडंच नाहीत. घास तोंडात घातला तर तसाच राहायचा. नाकातून नळी घातलेली. डॉक्टर म्हणाले, तिच्याशी बोलत राहा, हाकेला ओ द्यायला लागली पाहिजे, स्वतः गिळायला लागली पाहिजे. नाहीतर... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मुलगी "आई, आई" करून थकली. व्यायाम द्यायला येणारी पोरगी टाळ्या वाजवून "सुलोचनाताई, इकडे बघा!" ओरडायची. काही नाही. मी नुसता बसून असायचो. बायकोला नावानं हाक मारायची आमच्यात पद्धत नाही. जन्मभर "अगं" आणि "अहो"वर भागलं.

बसमध्येही मी कुणाशी बोलत नाही. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवतो, म्हणजे कुणी बसत नाही आणि कुणी बोलत नाही. बोलायचं आमच्या मंडळींना वेड. कात्रजपर्यंत जाईस्तोवर शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण माहीत करून घेणार. मला लाज वाटायची.

त्या दिवशी हडपसरच्या अलीकडं एक म्हातारी चढली. बुटकी, हिरवं लुगडं, हनुवटीवर गोंदलेलं, हातात फडक्याची गाठोडी. निम्मी बस रिकामी होती, तरी माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"पिशवीचं तिकीट काढलंय व्हय, दादा?"

मी पिशवी उचलली.

"खिडकीला बसू द्या की. मला गाडी लागती."

"खिडकी स्वारगेटपासून धरलीये मी. मागं आहेत रिकाम्या."

"मागं बोलाया कोण हाय?" म्हणाली, आणि बसली. "कुठं निघालाव?"

"लोणीला."

"लेकीकडं?"

"बायकोकडं."

"या वयात रुसून गेली व्हय?" आणि हसली.

माझं डोकं फिरलं. "पडून आहे ती. बोलत नाही, बघत नाही, गिळत नाही. झालं समाधान?"

हसू गेलं तिचं. सॉरीबिरी काही नाही, नुसती माझ्याकडं तोंड करून बसली. आणि काय झालं मला ठाऊक नाही... मी बोलत सुटलो. इतके दिवस जो तो विचारायचा, डॉक्टर काय म्हणाले. ही काहीच विचारत नव्हती. दमलो होतो हो. डॉक्टर, नळी, ती "सुलोचनाताई" ओरडत टाळ्या वाजवणारी पोरगी, सगळं सांगून टाकलं.

मग म्हणाली, "सुलोचना नाव कुणी ठेवलं?"

"मी. लग्नात. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं मीच लिहिलं."

"मग ते नंतरचं झालं की. आजारात माणूस मागं मागं जातंय, दादा. ती पार लग्नाच्या मागं जाऊन बसलीया. तिथं सुलोचना कोण ते तिला काय ठावं? माहेरचं नाव काय?"

मला आठवेना. खरंच सांगतो. त्या काळी सासरी आल्यावर माहेरचं नाव कुणी घेत नव्हतं. रीतच होती, त्यात माझं काय चुकलं? म्हटलं, "नाही माहीत."

ती उठली. मांजरी फाटा आला होता. गाठोडी उचलत म्हणाली, "गजरा म्हणून हाक मारा. पण उशाशी बसून नगं. दारातनं मारा, लांबनं. आई पोराला मारती तशी."

"तुम्ही कोण? कुठल्या?"

उतरून गेली.

मनात म्हटलं, येडीये. मुलीच्या घरी गेलो, नेहमीसारखा बसलो. मुलीनं चमच्यानं पाणी घालून पाहिलं, ते ओठाच्या कडेनं उशीवर गेलं. मुलगी स्वयंपाकघरात गेली, तिचे खांदे हलत होते. मी निघायला उठलो. दारात चप्पल घातली आणि मागं वळून पाहिलं. छताकडं लागलेले तेच डोळे. आणि माझ्याच तोंडून निघालं –

"गजरेऽऽ!"

मुलगी बाहेर आली. "बाबा, कुणाला हाक मारताय?"

मी पलंगाकडं बोट केलं. मंडळींची मान वळली होती. दाराकडं. सावकाश, पण वळली. आणि ओठ हलले.

"आले गं, आये."

मुलीच्या हातातलं भांडं पडलं. त्या संध्याकाळी चार चमचे पाणी गिळलं तिनं. पुढं पेज. पुढं नळी निघाली.

डॉक्टर म्हणाले, जुन्या आठवणी कधी कधी शाबूत राहतात. ठीक. तिला तिचं नाव आठवलं, हे कळलं. त्या बाईला कुठून? मंडळींचं माहेर वेल्ह्याकडची एक वाडी. तिची आई आमच्या लग्नाआधीच गेलेली, भाऊही कधीच गेले. भाच्याला फोन केला, तर तो म्हणतो, "आत्याचं नाव सुलोचनाच ना? गजरा कोण?" आधारकार्डावर सुलोचनाच. मी त्या बाईला माहेरचं गाव सांगितलंच नव्हतं. त्यानंतर रोज त्याच वेळेची बस पकडली. मांजरी फाट्याला उतरून चहाच्या टपरीवर, भाजीवाल्यांकडं विचारलं. हनुवटीवर गोंदलेली बुटकी बाई कुणाला ठाऊक नाही.

मंडळी आता बोलतात. एकेक शब्द, तोही थांबत थांबत. मला "अहो" म्हणायला लागली, म्हणजे लग्नापर्यंत परत आली म्हणायची. परवा एका दुपारी तिला सगळं सांगितलं. बाई बसमध्ये भेटली, नाव सांगितलं, उतरून गेली. हिरवं लुगडं सांगितलं, गोंदण सांगितलं. खिडकीचं तेवढं सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"खिडकी... दिलीत का तिला?"

मी तिचं पांघरूण सारखं केलं.

"तिला गाडी लागते," म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

कोण होती, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती म्हणा, किंवा दमलो होतो म्हणा. अजून मला याचा उलगडा नाही, आणि भुताखेतावर माझा विश्वास आजही नाही. फक्त लोणीच्या बसमध्ये आता खिडकी सोडून अलीकडं बसतो. पिशवी मांडीवर. कंडक्टर ओरडतो, "आजोबा, आत सरका की!"

म्हणतो, सरकतो. पण मांजरी फाटा जाऊ दे.