बाबांना विचारा, त्यांना कळतं

मागच्या महिन्यात बायकोने माळा साफ करायला लावला. एका खोक्यात जुन्या व्हिडिओ गेमच्या वायरी निघाल्या, दोन जॉयस्टिक, एक जळका अडॅप्टर आणि एक काळी बंदूक. टाकून द्यायला म्हणून एक वायर ओढली तर तिच्यात दुसरी अडकलेली, दुसरीत तिसरी. माझ्या लाजेच्या गोष्टींचंही तसंच आहे. एक सांगायला घेतली की बाकीच्या मागोमाग येतात. आता बसलाच आहात तर सगळ्याच ऐका. हसा खुशाल. मीही हसतो, पण आतून मेल्याहून मेल्यासारखं होतं, तेवढं लक्षात असू द्या.

नव्वदनंतरची वर्षं. मी अंबरनाथला एका रंगांच्या कारखान्यात लॅबमध्ये होतो, घर बदलापूरला शिरगावात. माझ्या शेजारच्या टेबलावर वैद्य बसायचा. आमच्या हाताखाली भोईर होता, वांगणीच्या पुढच्या एका पाड्यावरचा. एकदा डबा खाताना वैद्य म्हणाला, "पोरं व्हिडिओ गेम मागतायत. काय बघून घेतात रे?"

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये बहिणीकडे एकदा तो खेळ लांबून पाहिला होता, तेवढंच. पण दोघंही माझ्याकडे बघत होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी जॉयस्टिकची वायर बघायची. जाड पाहिजे."

वैद्यने मान डोलावली. भोईरने तर हात धुऊन येऊन लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या कारखान्यात मी 'त्यातला माणूस' झालो. 'बाबांनो, मला काही कळत नाही' असं म्हणायला माझ्याकडे एक रात्र होती, ती मी झोपून काढली.

बायकोने, नीताने, हे हसण्यावारी नेलं. मुलगी केतकी सातवीत होती, तिने मात्र सगळं खरं मानलं. शाळेत कुणाकडे गेम घ्यायचं निघालं की ही सांगायची, "माझ्या बाबांना विचारा, त्यांना कळतं." माझ्या पोकळ ज्ञानावर पोटातून विश्वास ठेवणारं ते एकच माणूस. तिच्यासमोर उघडं पडायचं नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी मी पुढचे सगळे उद्योग केले.

*

वैद्यला घेऊन मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये हरेशभाईच्या दुकानात गेलो. हरेशभाईने काउंटरवर दोन मशीनं ठेवली. दिसायला अगदी जुळी. वैद्य म्हणाला, "पाटणकर, तू सांग."

मी एकेक मशीन एकेका हातात धरलं, डोळे मिटले आणि म्हणालो, "हे जड आहे. ह्याच्यात माल आहे."

हरेशभाईने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाला, "साईं, आप तो जानकार आदमी हो." आणि जड मशीन बांधून दिलं.

चार महिन्यांत ते बंद पडलं. वैद्यने उघडलं तर आत बिस्किटाएवढं सर्किट आणि तळाला चिकटवलेली लोखंडी पट्टी. ती पट्टी त्याने लॅबमध्ये आणली, आमच्या काट्यावर ठेवली आणि बाकीच्या नमुन्यांच्या रांगेत तिचीही चिठ्ठी लावली. 'माल. २१४ ग्रॅम.'

भांडला नाही. पट्टीचा पेपरवेट केला. पुढे इतकी वर्षं आम्ही शेजारी बसलो, पण मी कुठल्याही विषयावर ठामपणे बोलायला लागलो की वैद्य ती पट्टी उचलून दुसऱ्या कागदावर ठेवायचा.

*

केतकीला स्कॉलरशिप मिळाली, तेव्हा कबूल केल्याप्रमाणे मी आमच्या घरी गेम घेतला. या वेळी हलकं मशीन. बरोबर ही बंदूक घेतली, पडद्यावरचे पक्षी मारायची. मशीन खोक्यात बसलं, बंदूक बसेना. हरेशभाईने ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

शेअर रिक्षात बसलो. शेजारी एक सिंधी बाई, साठीच्या. गर्दीतून रिक्षा हिसके देत चालली होती आणि वर्तमानपत्र फाटत चाललं होतं, ते मला कळलं नाही. अचानक बाईंनी त्यांची पर्स माझ्या मांडीवर ठेवली.

"भाई, सब ले लो," त्या हळूच म्हणाल्या. "सिर्फ चाबी दे दो. सास अंदर बंद है."

मी खाली पाहिलं. नळी नेमकी त्यांच्या कमरेवर रोखलेली. मी म्हटलं, "नहीं नहीं माताजी, खिलौना है!" आणि खात्री पटावी म्हणून चाप ओढला.

असा खटका वाजला! बाई चालत्या रिक्षातून उतरल्या म्हणजे जवळजवळ उडाल्याच. रिक्षावाल्याने ब्रेक मारून हात वर केले. पर्स माझ्याकडेच राहिली, म्हणून ती परत द्यायला मी बाईंच्या मागे धावलो. दुसऱ्या हातात बंदूक होती, हे मला सुचलंच नाही. जीन्स शिवणारे कारागीर कात्र्या घेऊन बाहेर आले आणि मला गोल करून उभे राहिले. त्यातल्या एकाने धीर करून बंदुकीला लोंबणारी वायर ओढली, टोक बघितलं आणि म्हणाला, "इसमें तो पिन लगा है."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. पर्समधून काढून घेतलेली चावी मुठीत घट्ट धरून म्हणाल्या, "इतना बड़ा आदमी. शर्म नहीं आती?"

येते हो. अजून येते.

*

भोईरच्या गोष्टीला मात्र मला हसता येत नाही.

त्याच्या घरी टीव्ही नवा आला होता. त्यालाही गेम घ्यायचा होता. हरेशभाईकडे दोन कॅसेटी होत्या. एकीवर छापलं होतं सात गेम, दुसरीवर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. भोईर म्हणाला, "साहेब, कुठली घेऊ?"

"जास्तवाली घे," मी म्हणालो. "जन्मभर पुरेल."

भातकापणी झाल्यावर त्याने जेवायला बोलावलं. घरात शिरलो तर टीव्हीच्या बाजूच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या, खालपासून आढ्यापर्यंत. भोईरचा बाप, काटकुळा म्हातारा, माझ्यासमोर येऊन बसला.

"भाऊ," तो म्हणाला, "चारशे मोजलं. सातच हायेत. मंग तीच फिरून येतात. पोरं म्हणतात फसवलं. मी म्हणलं, सायबांनी सांगितलंय, म्हंजी म्होरं असतील."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी माफी तरी मागितली असती. त्याने अगदी सरळ विचारलं, "कितव्या नंबरापासून नवीन लागतात?"

पुढ्यात ताट होतं. नव्या तांदळाचा भात, वालाचं बिरडं, भोईरची आई वाढत उभी. आणि मी म्हणालो, "हजाराच्या पुढे."

म्हातारा खूश झाला. कोळसा आणायला आत गेला.

*

आता घरची एक. गेम टीव्हीला जोडताना मध्ये एक लहान डबी लावायची असते, गेमची वायर आणि अँटेनाची वायर वेगळी ठेवणारी. हरेशभाई ती देत होता. मी म्हटलं, "फालतू चीज है," आणि घरी दोन्ही वायरी एकत्र पिळून टीव्हीत खुपसल्या. आमच्या बिल्डिंगला गच्चीवर एकच अँटेना, त्याचीच वायर प्रत्येक घरात गेलेली.

दोन आठवड्यांनी तळमजल्यावरच्या सामंत काकू वर आल्या. एकट्याच राहायच्या. म्हणाल्या, "पाटणकर, माझ्या टीव्हीवर तीन नंबरचं बटण दाबलं की एक ठेंगणा माणूस नुसता उड्या मारत असतो. कुठली मालिका आहे ही?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचा गेम वायरीतून गच्चीवर आणि गच्चीवरून काकूंच्या घरात जात होता. मी ओशाळून म्हणालो, "काकू, उद्याच डबी आणून लावतो."

"नका लावू," काकू म्हणाल्या. "टीव्हीवर तसंही काही नसतं. भाजी निवडताना सोबत होते. फक्त एक सांगा. संध्याकाळी तो माणूस पुष्कळ लांब जातो. शुक्रवारी दुपारी मात्र निघाला की लगेच खड्ड्यात पडतो. असं का?"

आमच्या कारखान्याला शुक्रवारची सुट्टी असायची. नीता बँकेत, केतकी शाळेत, घरी मी एकटा. गेम केतकीचा, मी हात लावत नाही, असं मी नीताला सांगितलेलं. आणि नीता आत्ता माझ्या मागेच उभी होती.

"ते मशीन आपोआप चालतं, काकू," मी म्हणालो. "डेमो म्हणतात त्याला."

"असं होय," काकू म्हणाल्या. नीताने आत जाऊन भांडी जरा जोरात लावली.

*

ही शेवटची. ही मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

एका गुरुवारी संध्याकाळी केतकी पहिल्यांदा शेवटच्या स्टेजला पोचली. दोन महिने पोरगी त्यासाठी झटत होती. त्या मशीनमध्ये खेळ जपून ठेवायची सोय नव्हती, बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि आठ वाजता टीव्ही बंद, हा नीताचा कायदा. केतकीने पॉज दाबलं, टीव्ही बंद केला, मशीन चालूच ठेवलं आणि त्याच्यावर चिठ्ठी चिकटवली. 'हात लावू नये. तीन लाईफ बाकी आहेत.'

झोपायच्या आधी म्हणाली, "बाबा, उद्या शुक्रवार. लाईट गेली तर?"

शुक्रवारी दुरुस्तीसाठी आमच्याकडे पुष्कळदा लाईट जायची. मी म्हटलं, "नाही जाणार. आणि मी आहे ना घरी. लक्ष ठेवतो."

शुक्रवारी दोघी गेल्या. मी पेपर वाचला, आंघोळ केली, दुपारी जेवलो. मग खेळ नीट आहे ना एवढंच बघायला टीव्ही लावला. शेवटची स्टेज. मी ती कधी पाहिली नव्हती आणि माझ्या हाताने जन्मात दिसणार नव्हती. वाटलं, एकच लाईफ खेळू. तिला दोन पुरतील.

ती अर्ध्या मिनिटात गेली.

मग माझी नजर मशीनवर गेली. चिठ्ठीवर तीन लिहिलेलं, पडद्यावर दोन. लगेच कळणार. पण सगळंच गेलं तर लाईट गेली असं म्हणता येईल. खोटं बोलणार आपण, आणि शेंबड्या पोरासारखा हिशोब करून बोलणार! तरी मी केला. उरलेल्या दोन्ही मी जाणूनबुजून संपवल्या. खरं सांगायचं तर तिसरीला मी बराच लांब गेलो, मजाही आली, त्याची लाज सगळ्यात जास्त वाटते. मग मशीन बंद करून वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो.

केतकी आली. मी पेपर खाली न करता म्हणालो, "केतू, लाईट गेली होती गं मघाशी. अर्धा तास."

तिने दप्तर खाली ठेवलं. मशीनवरची चिठ्ठी सोडवली, चौकोनी घडी करून कंपासपेटीत ठेवली. म्हणाली, "असू दे बाबा. शुक्रवारी जातेच."

रडली नाही की रुसली नाही. सुटलो, असं मला वाटलं. त्या आनंदात मी तिला लिंबाचं सरबत करून दिलं, आणि ती ते प्यायली.

रविवारी जिन्यात सामंत काकू भेटल्या. हातात कोथिंबिरीची जुडी होती.

"परवा तुमचा डेमो बघितला हो," त्या म्हणाल्या. "केतकी होती माझ्याकडे."

"केतकी?"

"शाळा लवकर सुटली तिची. वर निघाली होती, मीच खिडकीतून हाक मारली, तुझा खेळ लागलाय म्हटलं. बसली माझ्या शेजारी, पाठीवरचं दप्तरही काढलं नाही. मी म्हटलं, अगं, ही तुझी शेवटची स्टेज ना? पळ, वर जा, थांबव त्यांना. तर उठेचना."

मी विचारलं, "का?"

"म्हणाली, नको काकू. बाबांची अजून एक लाईफ बाकी आहे."