पन्नाशीची अक्षत

लग्नामुंजीच्या पंगतीत ती गोष्ट अजून निघते. आमची ग्वाल्हेरची दक्षिणी, म्हणजे मराठी, मंडळी आता हरिशंकरपुरम, दर्पण कॉलनी अशा नव्या वस्त्यांत पांगली, पण चार जुनी डोकी एकत्र बसली की कोणीतरी सांगतंच. आपल्या लष्कर भागात एक विमानवाले होते, मेळ्यात विमान उलटं करून दाखवायचे, आणि त्यांना त्यांच्या बायकोनं खाली उतरवलं. मग सगळे हसतात. गेल्या महिन्यात नातवाच्या मित्रानं हीच गोष्ट मला ऐकवली आणि "आजोबा, सच में ऐसा हुआ था?" असं विचारलं. मी कढी वाढून घेण्यात गुंतल्यासारखं केलं. आजवर मी तेच करत आलो आहे. त्या बाईंनी नवऱ्याला उतरवलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं, कारण अक्षत घेऊन गेलो होतो तो मी.

मी त्यांच्या घरचा उपाध्याय. ते घर आधी माझ्या वडिलांकडे होतं, त्यांच्यामागं माझ्याकडे आलं. घरच्या यजमानांना मी काका म्हणत असे आणि त्यांच्या पत्नीला काकू. वयानं मी मुलासारखा, तरी दोघंही मला गुरुजी म्हणत, त्यातही काका जरा थट्टेनं.

काकांचं घराणं शिलेदारांचं. पिढ्यान्पिढ्या घोड्यावर बसलेली माणसं. पहिल्या महायुद्धाच्या लढाईत काका रिसाल्याबरोबर बाहेरदेशी गेले आणि तिथं त्यांनी विमान पाहिलं. परत आले ते घोड्यावरून मन उडालेले. पुढं संस्थानानं दोन लहान दुपंखी विमानं घेतली, तेव्हा ती चालवायला शिकण्यासाठी माणूस पाठवायचा ठरला. फार वयाचा नको, एवढीच अट होती. काकांनी वय सहा वर्षं कमी सांगितलं आणि कारकुनानं मान वर न करता ते लिहून घेतलं.

"घोडा घेताना दात बघतात, गुरुजी," ते मला म्हणाले होते. "माणूस घेताना कोणी बघत नाही."

हिवाळ्यात मेळा भरला की एक दिवस विमानांचा असायचा. मुरार, लष्कर, जुनं ग्वाल्हेर, सगळीकडून माणसं पायी, टांग्यातून, बैलगाड्यांतून मैदानावर जमायची. काका किल्ल्याच्या बाजूनं यायचे. आधी मैदानावरून इतके खाली जायचे की लोकांच्या टोप्या उडायच्या. मग वर चढून विमान पूर्ण उलटं फिरवायचे, आणि शेवटी सरकारांच्या शामियान्यावर झेंडूची फुलं सोडायचे. फुलं बहुतेक वेळा शामियान्याऐवजी गुरांच्या बाजारात पडायची. बैल ती खायचे आणि लोक त्यावरही टाळ्या वाजवायचे.

काकू मात्र मैदानावर कधी आल्या नाहीत. त्या दिवशी त्या दार लावून स्वयंपाकघरात बसायच्या. विमानाचा आवाज घरावरून गेला की पोळपाटावरचा हात थांबायचा, आणि आवाज पुन्हा आला की चालू व्हायचा. हे मी स्वतः पाहिलेलं आहे, कारण एक-दोन वर्षी देवांची पूजा करायला मी तिथंच होतो.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या वर्षी नवा हुकूम निघाला. कसरती करणाऱ्या वैमानिकाचं वय पंचेचाळिसाच्या वर नसावं. सरकारी कागदात काका चव्वेचाळिसाचे होते, म्हणजे हुकुमाची झळ त्यांना लगेच लागणार नव्हती. खरे ते पन्नाशीला टेकले होते. हे घरात काकूंना आणि घराबाहेर मला ठाऊक होतं, कारण त्यांची पत्रिका माझ्याकडे होती.

त्याच सुमाराला काकूंनी मला बोलावून पन्नाशीच्या शांतीचा मुहूर्त काढायला सांगितला. आमच्याकडे ब्राह्मणांचं पाहून ही शांत शिलेदारांच्या घरांतही शिरली होती. होम करायचा, अभिषेक करायचा आणि पन्नास दिव्यांनी ओवाळायचं. काकूंना ती करायचीच होती, कारण त्यांचे सासरे पन्नासाव्या वर्षी गेले होते आणि थोरले दीरही. त्या दोघांच्या शांती राहून गेल्या होत्या, ही गोष्ट काकूंच्या मनात घर करून बसली होती. पण त्यांनी एक अट घातली. भाऊबंद आणि गल्लीतली चार घरं, एवढ्यांनाच अक्षत द्यायची.

"विमानखात्याच्या साहेबांच्या घरी जाऊ नका, गुरुजी," त्या म्हणाल्या. "मला शांत हवी आहे. ह्यांचं विमान जायला नको आहे."

अक्षत म्हणजे आमच्याकडचं तोंडी आमंत्रण. कुंकवात रंगवलेले तांदूळ घेऊन उपाध्यायानं घरोघर जायचं, चार दाणे हातावर ठेवायचे, आणि कार्य कुणाचं, कसलं, कोणत्या दिवशी ते स्पष्ट सांगायचं. पन्नाशीची शांत म्हटल्यावर वय आपोआप सांगितलं जातं. साहेब आमच्यातलेच, दक्षिणी. त्यांना यातलं काही समजावून सांगावं लागलं नसतं. काकूंची भीती तीच होती.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते, तशी काकांच्या विमानाचीही होत असे आणि ती मीच करत असे. त्या वर्षी पंख्याला हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून मी निघालो, तर काका म्हणाले, थांबा, मी सोडतो तुम्हाला टांग्यानं. टांगा आला तरी ते चढेनात. विमानाच्या सावलीत उभे राहून त्यांनी मला विचारलं, अक्षत कुठंकुठं जाणार आहे. मी घरं सांगितली.

"साहेबांकडे?"

मी म्हटलं, काकूंनी नको म्हणून सांगितलं आहे.

"मी सांगतो, जा."

ते जरा वेळ माळेतली एक कोमेजलेली पाकळी खुडत राहिले. मग त्यांनी सांगितलं की आठवड्यापूर्वी सरावाला वर गेले होते. विमान उलटं केलं, सरळ केलं, आणि क्षणभर त्यांना किल्ला दिसेना. इतकी वर्षं डोळे मिटले तरी किल्ला कुठं आहे ते त्यांना कळायचं. त्या दिवशी तो शोधावा लागला.

"ग्वाल्हेरात राहून किल्ला शोधावा लागला, गुरुजी. खाली मेळा असतो. बायकापोरं असतात."

मी म्हटलं, मग साहेबांना तसंच सांगा, ते काय नाही म्हणणार आहेत? काका हसले. त्यांच्या घरात आजवर कोणी आपण होऊन घोड्यावरून उतरलं नव्हतं. आजोबांना हुकूम आला तेव्हा उतरले, वडिलांना दुखणं आलं तेव्हा उतरले. मला होत नाही असं तोंडानं म्हणणं त्यांना शिकवलेलंच नव्हतं. हुकूम आला असता तर त्यांनी तो मान खाली घालून मानला असता, पण हुकूम यायला साहेबांना खरं वय कळायला हवं होतं.

"हिला सांगू नका," ते म्हणाले. "कुणालाच नका."

मी कबूल केलं. दुसऱ्या आठवड्यात मी साहेबांच्या दारी गेलो, त्यांच्या पत्नीच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि जे सांगायचं ते सांगितलं. बाईंनी विचारलं, "पन्नाशी? त्यांची?" मी होय म्हटलं. त्यांनी मला पेढा दिला.

शांतीच्या दिवशी होम झाला, अभिषेक झाला. पंगतीचे पाट मांडले गेले तेव्हा दर्शनी जागी चांदीच्या फुल्यांचा एक पाट मला दिसला. तो लग्नाकार्याशिवाय निघत नसे. मला वाटलं, काकूंनी हौसेनं काढला असेल. साहेब आले ते बरोबर ओवाळणीच्या वेळी. मोठ्या परातीत कणकेचे पन्नास दिवे लावलेले होते आणि काकू ती परात उचलायला वाकल्या होत्या. दारात साहेबांना पाहून त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुपाच्या भांड्यात पाहिलं.

ओवाळणं झालं. साहेब चांदीच्या फुल्यांच्या पाटावर बसून पोटभर जेवले. पुरणपोळीवर तूप घेताना त्यांनी अगदी सहज म्हटलं, "आमच्या दप्तरात तुम्ही फार तरुण आहात."

"दप्तराला हवा मानवली असेल," काका म्हणाले.

पंगत हसली. साहेबही हसले, आणि हसतहसतच त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की या वर्षी मेळ्यात विमान हाताखालचा जवान नेईल आणि काका त्याला तयार करतील. नोकरी जाणार नव्हती, पगार कमी होणार नव्हता. काकांनी मान खाली घातली. लोकांना वाटलं, बिचारे खचले. मी समोरच बसलो होतो. इतक्या शांतपणे भात कालवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

लष्करात बातमी पसरायला वेळ लागत नाही. बाड्यावर, म्हणजे लष्करच्या मुख्य चौकात, पानाच्या दुकानापाशी लोक म्हणू लागले की बायकोला वर गेलेला नवरा सोसवेना, म्हणून तिनं शांतीचं निमित्त काढून साहेबांना जेवायला बोलावलं. काकू बाजारात दिसल्या की कोणीतरी मुद्दाम आभाळाकडे बघायचं. एका मुंजीच्या पंगतीत त्यांच्या मागच्या पाटावरची बाई मोठ्यानं म्हणाली, "आम्ही बाई नवऱ्याला माडीवर जायलासुद्धा अडवत नाही." सगळे हसले. वाढायला मी होतो, माझ्या हातात मठ्ठ्याचं भांडं होतं, आणि मीही हसलो. वचन दिलं होतं म्हणून गप्प बसलो, असं मी पुढं स्वतःला सांगत राहिलो. पण काका गप्प बसायला म्हणाले होते, हसायला म्हणाले नव्हते.

त्या वर्षीच्या मेळ्यात काका आणि काकू दोघंही मैदानावर आले. मी त्यांच्या मागंच उभा होतो. काकांनी गजकाची, म्हणजे तिळगुळाच्या कुरकुरीत वड्यांची, पुडी घेतली होती, आणि एकेक तुकडा मोडून ते काकूंना देत होते. विमान किल्ल्याच्या बाजूनं आलं तशी काकूंनी मान खाली घातली. काका त्यांना समजावू लागले, आता चढेल, आता कलेल, आता उलटं होईल, घाबरू नको, पोरगं चांगलं आहे. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला काकूंनी वर पाहिलं. तोंडात गजक तसाच, आणि एक हात काकांच्या कोटाच्या बाहीवर. फुलं पुन्हा गुरांतच पडली. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्यानंतर काका पुष्कळ वर्षं जगले. पोरांना विमान शिकवलं, संस्थान गेलेलं पाहिलं, नातवंडं पाहिली, आणि आपल्या अंथरुणात गेले. तेराव्यानंतर एके दुपारी मी काकूंसमोर बसलो आणि अक्षतेची हकीकत सांगायला तोंड उघडलं. माझी वाक्यं जुळेनात. काकू सुपारी कातरत होत्या. त्यांनी मला थोडा वेळ चाचपडू दिलं.

मग म्हणाल्या, "पाट मी मोजून मांडले होते, गुरुजी. चांदीच्या फुल्यांचा कुणी काढला? त्या पेटीची किल्ली ह्यांच्या जानव्याला."

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलल्या का नाहीत? लोक काय काय म्हणत होते.

"बायकोनं उतरवलं म्हणाले, तर ह्यांना चाललं. भ्याले म्हणाले असते, तर चाललं नसतं." त्यांनी सुपारी माझ्यापुढं केली. "माझं काय गेलं? नवरा घरी आला."

मी म्हटलं, त्या मुंजीच्या पंगतीत मी हसलो होतो. त्यांना ते आठवत होतं. त्या म्हणाल्या, हो, आणि माझ्या पानात मठ्ठा वाढायचा विसरलात. एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. फक्त आपण असेपर्यंत यातलं काही बोलायचं नाही, असं त्यांनीही मला सांगितलं. दोघांनी एकाच गोष्टीसाठी मला गप्प बसवलं, एकमेकांना न विचारता.

आता काकूही नाहीत. म्हणून लिहून ठेवतो. काकांना कोणी उतरवलं नाही. ते स्वतः उतरले, वेळेवर उतरले, आणि त्यात भित्रेपणा काही नव्हता. नातवाच्या त्या मित्राला मी रविवारी घरी बोलावलं आहे. त्याला हे सगळं सांगेन, आणि त्या दुपारी उठता उठता काकू जे बोलल्या तेही.

"पण एक सांगू, गुरुजी? वरती ते विमान फार छान दिसतं हो. इतकी वर्षं मी उगाच स्वयंपाकघरात बसले."