पिशाच्चाला ‘या’ म्हणणारे अण्णा

मला व्हिडिओ गेम खेळण्यापेक्षा त्यांच्यावरून चाललेली भांडणं वाचायला जास्त आवडतं. बेंबळीहून धाराशिवला नोकरीसाठी मी रोज एसटीनं ये-जा करते. बाकीच्या बायका गाडीत डोळे मिटून घेतात, तेव्हा मी मोबाईलवर परीक्षणं वाचत असते. समीक्षक नाकानं कांदे सोलतात, खेळाडू उचलली जीभ लावतात टाळ्याला, आणि मी खिडकीशी बसून दोन्ही बाजूंना मनातल्या मनात झाडत असते. ऑफिसात दिवसभर कुणाला उलटून बोलता येत नाही, त्याची भरपाई तिथं होते.

गेल्या वर्षी असाच एका गेमवरून गदारोळ उठला होता. रक्त पिणाऱ्या पिशाच्चांचा, म्हणजे व्हँपायरचा, मारामारीचा गेम. डोंगरातलं एक गाव, अंधार पडला की उतरणारी पिशाच्चं, आणि त्यांच्याशी एकटीनं लढणारी तलवारवाली बाई. ती बाई म्हणजे आपण. लढाईचं सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं होतं. कथेवरून दोन तट पडले होते, आणि तासाभरात शितावरून भाताची परीक्षा करणारेही नेहमीप्रमाणं होतेच. पण एरवी ज्यांचं सूर्य कुठून उगवतो यावरही जमणार नाही, त्या समीक्षकांचं आणि खेळाडूंचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. दाराचा प्रसंग टुकार आहे!

प्रसंग साधा होता. लढून आलेली बाई घरी चुलीशी बसते आणि दारावर थाप पडते. बाहेर कुणीतरी उभं असतं, कधी म्हातारी, कधी फेरीवाला, कधी शिपाई. आत जागा मिळेल का, असं विचारतं. पिशाच्चाला बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, हा तिथला नियम. आपण ‘आत बोलवा’ किंवा ‘दार बंद ठेवा’ यातलं एक निवडायचं. बोलावलं की ते नरडीचा घोट घेतं आणि खेळ पुन्हा संध्याकाळपासून सुरू. बाहेरचा माणूस दर वेळी पिशाच्चच असतो, एकदाही चुकून माणूस निघत नाही. मग यात निवडायचं काय, असा सगळ्यांचा सवाल होता. कुणी शहाणा ‘या’ म्हणेल का? त्यावर विनोद फिरत होते. मलाही ते पटलं होतं. तरी लढाईच्या मोहानं मी गेम घेतला आणि खेळायचं यंत्र पुढच्या खोलीतल्या टीव्हीला जोडलं.

त्या खोलीत अण्णा असायचे. माझे वडील. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन काही महिने झाले होते. उजवा हात लुळा पडला होता, पण खरी गेली होती ती वाचा. सगळं कळायचं, डोळे सगळं सांगायचे, शब्द मात्र येत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते की आयुष्यभर तोंडात बसलेलं असतं ते कधीकधी आधी परत येतं, आकडे, देवाचं नाव, गाणं. म्हणून आई रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून एक-दोन-तीन म्हणायची, आई भवानीचं नाव घ्यायला लावायची. अण्णा ओठ घट्ट मिटून भिंतीकडं तोंड करायचे. ज्यानं सगळा जन्म दहा एकर रान आणि निम्मं गाव तोंडावर चालवलं, त्याला बालवाडीत बसवल्यासारखं ते होतं.

आमचं घर बाजाराच्या वाटेवर. अण्णांची सवय अशी की उंबऱ्यावर सावली पडली की माणूस कोण ते बघायच्या आधीच तोंडातून निघायचं, ‘या, बसा. पानी आन गं.’ सोयरा असो, मीटर बघायला आलेला असो, की भांडायला आलेला शेजारी. भांडायचं ते पाणी पिऊन. झटक्यानंतर माणसं भेटायला आली, पण बहिऱ्याशी बोलावं तसं त्यांच्या कानाशी ओरडायला लागली. अण्णांना उत्तर देता येईना, डोळ्यांतून पाणी यायचं. शेवटी आईनं पुढचं दार लावून घेतलं. जाणं-येणं मागच्या दारानं. कुणी हाक मारली की आतूनच सांगायची, ‘झोपलेत.’ अण्णांचे एक जुने सोबती होते, मेंढरं राखणारे. तेही असेच किती वेळा रस्त्यावरून परत गेले.

त्या दिवशी सुट्टी होती. दुपारी आई भाकरी थापत होती आणि मी लढाई संपवून त्या बाईला चुलीशी बसवलं होतं. टीव्हीत दारावर थाप पडली, बाहेर म्हातारी उभी होती. मी सवयीनं ‘दार बंद ठेवा’वर बोट टेकवलं.

“या,” मागून आवाज आला.

मी वळून पाहिलं. आई पिठाचे हात घेऊन चुलीपासून उठून आली. अण्णा टीव्हीकडं बघत होते. शब्द कोरडा होता, खरखरीत होता, पण त्यांचाच होता. देऊळ, आकडे, गोळ्या, मालिश, कशालाच न आलेला शब्द एका रक्तपिपासू म्हातारीसाठी आला होता.

तोवर मी दार बंद ठेवलेलंच होतं. म्हातारी निघून गेली. आणि अण्णा भडकले! डावा हात खुर्चीवर आपटायला लागले. दारात आलेल्या माणसाला मी माघारी धाडलं होतं ना. मी घाईघाईनं खेळ मागं नेला, थाप पडू दिली आणि म्हातारीला आत घेतलं. तिनं माझा गळा धरला, पडदा लाल झाला. अण्णांनी दचकून पाहिलं. मला वाटलं, आता समजलं असेल.

मी पुन्हा लढून बाईला चुलीशी आणलं. पुन्हा थाप पडली. “या,” अण्णा म्हणाले. आणि थोडं थांबून, “बसा.”

“आवं, रक्त पेतंय ते!” आई ओरडली. “त्याला कशापायी बोलवायलाव?” ओरडता ओरडता ती हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

तेव्हापासून माझं खेळणं संपलं आणि मरणं सुरू झालं. ऑफिसातून आले की चहाच्या आधी मी पिशाच्चांना आत घ्यायची. ‘या’ आलं, ‘बसा’ आलं, आणि एका संध्याकाळी ‘पानी’ही आलं. जगभरचे खेळाडू ज्या दारावर हसत होते, तिथं माझे वडील एकेक शब्द परत मिळवत होते. मला रोज नव्यानं नवल वाटायचं. पण त्यात एक मेख होती. ते शब्द त्या थापेलाच यायचे. मी टेबलावर थाप मारून पाहिली, तर अण्णांनी मला वेड लागल्यासारखं बघितलं. आईनं मुद्दाम मागच्या दाराची कडी वाजवली, तर त्यांनी मानही वळवली नाही.

इतक्या वेळा मेल्यामुळं मला असं काही दिसलं, जे कुठल्याच परीक्षणात नव्हतं. आत बोलावलेला प्रत्येक जण मारण्याआधी क्षणभर थांबायचा. शिपाई चौकटीखाली मान वाकवायचा. फेरीवाला पाय पुसायचा. म्हातारी तर बूट काढून उंबऱ्याशी जोडीनं ठेवायची, हात शेकायची, आणि मग झेप घ्यायची. ज्यांना मारायलाच यायचंय, त्यांना हे सगळं कशासाठी दिलं होतं? कुणीतरी, कुठल्यातरी देशात, दिवसेंदिवस बसून त्या म्हातारीचे वाकणारे गुडघे रेखले होते. दार कुणी उघडणारच नाही, हे ठाऊक असून रेखले होते. मी भारावून गेले. इतकं सुंदर काम इतक्या आडबाजूला ठेवायची छाती माझ्यात नाही.

“बघ,” आई भाकरी भाजता भाजता म्हणाली, “पायताण काढलं. रीत हाय तिला.” पुढं पुढं तर तीच मला विचारायची, “आज म्हातारी यायचीय का तो शिपाई?”

मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लांबलचक परीक्षण लिहिलं. दार टुकार नाही, तुम्ही ते उघडलंच नाही, असं खडसावून. अण्णांबद्दल लिहिलं, आमच्याकडं दारातल्या माणसाला आधी पाणी देतात तेही लिहिलं. बरेच जण हसले. पण काहींनी खरंच दार उघडलं आणि कळवलं की त्यांनीही म्हातारीचे बूट पाहिले. एका खेळाडूनं तर नुसतं ती हात शेकते तेवढं बघण्यासाठी मरून घेतलं. एसटीत हे वाचताना मला कोण आनंद झाला होता!

पण उशीर झाला होता. गेम बनवणाऱ्यांनी लोकांचं आधीच मनावर घेतलं होतं. रात्री आम्ही झोपेत असताना यंत्रानं आपलं आपण इंटरनेटवरून नवं रूप उतरवून घेतलं, आणि त्या रूपात दारावरची थाप काढून टाकलेली होती.

मला ते कळलं बाजाराच्या दिवशी, सुट्टी होती तेव्हा. लढाई संपली, बाई चुलीशी बसली, अण्णा खुर्चीत पुढं सरकले. थाप आलीच नाही, एकदम सकाळ झाली. मी पुन्हा खेळले. पुन्हा सकाळ. अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच ते दार कुठंतरी लपवून ठेवलंय. मी समजावायचा प्रयत्न केला, पण काय सांगणार? लोकांना आवडलं नाही म्हणून काढलं, एवढंच. मला सगळ्या जगाचा राग आला. आणि त्याहून जास्त भीती वाटली. थाप गेली, तिच्यामागं शब्दही जातील. अण्णा पुन्हा भिंतीकडं तोंड करतील, या वेळी कायमचं.

पण अण्णांनी मान वळवली. भिंतीकडं नाही, पुढच्या दाराकडं, महिनोन्‌महिने लावलेल्या खऱ्या दाराकडं. ओठ हलले, आवाज फुटेना. गळ्याच्या शिरा ताणल्या.

“उघड,” ते म्हणाले.

हा शब्द त्या खेळातला नव्हता. तो त्यांनी स्वतः शोधून आणला होता.

“माणसं येतील,” आई चाचरत म्हणाली. “वरडून बोलतेत. तुमाला तरास हुईल.”

“उघड.”

आईनं कडी काढायला घेतली. ती गंजून बसली होती, खलबत्त्यातला बत्ता मारून काढावी लागली. दार उघडलं तसा बाजाराचा सगळा गलका एकदम आत आला. वाटेवरून तेच मेंढरंवाले सोबती चालले होते, खांद्यावर घोंगडं टाकून. ठोकण्याचा आवाज ऐकून थबकले होते. उघडं दार बघितलं, पण पाऊल टाकलं नाही. आधी आईच्या तोंडाकडं पाहिलं. आईनं मान खाली घातली आणि बाजूला सरली.

“या,” अण्णा म्हणाले.

म्हातारा पायऱ्या चढून आला. उंबऱ्याशी वाकला, वहाणा काढून जोडीनं ठेवल्या. आईनं माझ्याकडं पाहिलं, मी आईकडं.

“बसा.”

ते अण्णांच्या समोर जमिनीवरच बसले. ओरडले नाहीत. हळू आवाजात, विश्वास बसत नसल्यासारखे म्हणाले, “बोलायलाव की वो तुमी!”

अण्णांचे ओठ पुन्हा झुंजायला लागले.

“व्हय,” अण्णा म्हणाले.

झटक्यानंतर पहिल्यांदाच भेटायला आलेल्या कुणी काही म्हटलं आणि अण्णांनी त्याला उत्तर दिलं. मी पाणी आणायला आत पळाले आणि रांजणापाशी उभी राहून हमसाहमशी रडले. तांब्या भरत होते तोच बाहेरून आईची हाक आली, “अगं, आनखी एक तांब्या आन. लोकं यायलेत.”