चार तारांचा मल्लेश

नाव: मल्लेश शिवलिंग खानापुरे. वय: छत्तीस. राहणार: तामलवाडी, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. व्यवसाय: ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लाइट बसवणे. शिक्षण: चालू. ओळखीची खूण: उजव्या कानावर टेस्टर. विशेष नैपुण्य: ट्रॉलीची समस्त विद्युत व्यवस्था चार तारांत पूर्ण करणे.

बाकीचे मिस्त्री पाच तारा टाकतात. टेललाइटची एक, ब्रेकची एक, दोन इंडिकेटरच्या दोन आणि पाचवी अर्थिंगची, म्हणजे करंट माघारी यायची. मल्लेश म्हणे, “एवढं लोखंड काय बघायला ठिवलंय? ट्रॉली जोडायच्या हुकातनं येतोय की करंट माघारी.” पाचवी तार टाकणाऱ्याकडे तो, पायजम्याला नाडी असून वर पट्टा बांधणाऱ्याकडे पाहावं, तसा पाही.

यंदा गळीत हंगामाआधी कारखान्यानं फर्मान काढलं: ऊस आणणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला मागं लाइट हवेत आणि आसपासच्या सगळ्या गावांचं काम एकाच मिस्त्रीला मिळेल. मल्लेशनं एक ट्रॉली नमुना म्हणून दाखवायची. जमलं तर काम त्याचं, नाही तर सोलापूरच्या वर्कशॉपचं. त्यानं गावातल्या बंडप्पांची ट्रॉली निवडली, कारण ती नवी होती. इतकी नवी, की बंडप्पांनी हौसेनं हुकाच्या कडीलासुद्धा निळ्या रंगाचे तीन हात दिले होते.

तपासायला कारखान्याचे रणधीरसाहेब बंडप्पांच्या अंगणात आले. बंडप्पा ट्रॉली ओढत आत आले तेव्हा मागचे लाइट झगझगत होते. ट्रॅक्टर थांबला. लाइट गेले.

“लाइट लावा,” साहेब म्हणाले.

“लावलाय की,” बंडप्पा म्हणाले.

त्यांनी ट्रॅक्टर पुढं घेतला. लाइट आले. साहेब लगबगीनं मागं जाऊन वाकले, तोवर अंगण संपलं, ट्रॅक्टर थांबला आणि लाइट गेले.

“साहेब, चालत्या गाडीचा लाइट हाय ह्यो,” मल्लेश म्हणाला. “उभ्या गाडीला कशाला पायजे? बॅटरी उतरती.”

“आणि उभ्या ट्रॉलीवर मागून कुणी आदळला तर?”

“त्यानं लाइट लावावा की.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

बंडप्पांच्या पत्नी कस्तुराबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, “मल्लेश, वढ बसली की पेटतंय बघ. ढिल्लं पडलं की इझतंय. आमच्या ह्यांच्यावानी.”

“मी हितंच हाय,” बंडप्पा ट्रॅक्टरवरून म्हणाले.

“म्हणून तर म्हणलं.”

मल्लेशला कळायचं ते कळलं. कडीवर रंगाचा थर. ओढ बसली की हूक कडीला घासून करंट जायचा, ढिली पडली की तुटायचा. पण हे कबूल करायचं म्हणजे पाचवी तार आली. त्यानं बघायला जमलेल्यांना ट्रॉलीच्या मागच्या फळीला धरून मागं ओढायला लावलं. बंडप्पांनी ब्रेक दाबून ठेवला. हूक ताणला. लाइट आले. साहेबांनी वाकून एकेक पाहिला.

“ही माणसं रोज ट्रॉलीमागं असणार का?”

“ऊसतोडीची टोळी असतीच की, साहेब.”

तेवढ्यात ओढणाऱ्यांपैकी एकाला शिंक आली. लाइट गेले. साहेबांनी कागदावर पेन टेकवलं.

मल्लेश अंगणाच्या कडेला गेला. तिथं वाळत घातलेलं एक लुगडं आणि दोन धोतरं त्यानं काढली, नीट घडी करून कस्तुराबाईंच्या मांडीवर ठेवली आणि ज्या तारेवर ती वाळत होती ती सोडली.

“आरं, माझी तार!”

“उद्या आणून देतो, आत्या.”

दोन्हीकडचा रंग पान्यानं खरवडून त्यानं तारेचं एक टोक ट्रॅक्टरला आवळलं, दुसरं ट्रॉलीला. माणसं बाजूला झाली. तरी लाइट आले आणि राहिले. ब्रेक दाबला, ब्रेकलाइट लागला. डावा, उजवा इंडिकेटर आपापल्या बाजूला लुकलुकला.

“ही कसली तार?” साहेबांनी विचारलं.

अर्थिंग हा शब्द मल्लेशच्या ओठांपर्यंत येऊन परत गेला.

“आधाराची,” तो म्हणाला.

कारखान्याच्या दप्तरी मल्लेश आता ‘मान्यताप्राप्त वाहन विद्युत तंत्रज्ञ’ आहे. कस्तुराबाईंचं धुणं कुंपणावर वाळतं.