बाराशे कार्डांचा सिनेमा

सर बाराशे कार्डांवर सिनेमा लिहीत होते आणि त्यात अजून एकही माणूस तोंड उघडत नव्हता. इतिहास शिकवून निवृत्त झालेले सर वारज्यात राहत. मी अकोल्याहून सिनेमात नाव काढायला आलेली, त्यांची मदतनीस. गोष्ट पेशवाईतल्या एका जासुदाची. दक्षिणेतल्या पराभवाची बातमी घेऊन तो पायी पुण्यात येतो, एवढंच. मला वाटलं, दोन महिन्यांत उरकेल.

मूळ कागदात सापडलेल्याला पांढरं कार्ड, नंतर कुणी लिहिलेल्याला पिवळं, ऐकीव असेल तर गुलाबी. गुलाबी कार्डांच्या खोक्यावर सरांनी 'अफवा' असं लिहून ठेवलं होतं. एकदा मी जासुदाच्या डोळ्यांत पाणी आणलं. "अहो, हे अश्रू कुठल्या दफ्तरात मिळाले आपल्याला?" सरांनी विचारलं. मी ते मुकाट्याने खोडलं.

कात्रजचा घाट उतरायला जासुदाला किती वेळ लागला असेल, हे ठरवायला आम्ही तो चालत उतरलो. वाटेत टपरी दिसली, मी थांबले. "त्या काळी इथे चहा नव्हता," सर घड्याळाकडे बघत म्हणाले. जासूद तरुण असणार म्हणून खाली आल्यावर त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांची वीस मिनिटं वजा केली. मला मात्र चहा थेट स्वारगेटला मिळाला.

निर्माते व्यवसायाने बिल्डर. "सर, रिसर्च सॉलिड आहे, पण हा बोलतो कधी?"

"बोलल्याची नोंद सापडली की."

गणपतीच्या आत पूर्ण संहिता मिळाली नाही तर ते दुसरा सिनेमा काढणार होते. सरांनी या गोष्टीपायी नऊ वर्षं घालवली होती. मला राहवेना. मी एक प्रसंग मनानेच लिहिला आणि सरांना न विचारता फायलीत घातला. जासूद स्वतःच्या घरावरून जातो. बायको दारात पाणी घेऊन उभी. तिचा भाऊ त्याच लढाईत पडलाय. ती विचारते, "दादा कुठंय?" हा म्हणतो, "मागून येतोय."

बैठकीत निर्मात्यांनी तो मोठ्याने वाचला आणि खिशातून रुमाल काढला. "हाच आपला सिनेमा! उद्यापासून कामाला लागू."

सरांनी कागद मागून घेतला. वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग माझ्याकडे वळले. "कुठे मिळालं?"

"खासगी संग्रहात" एवढंच म्हटलं असतं तर भागलं असतं. माझ्याने ते होईना. "मनातलं आहे, सर."

सरांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "हे आमच्या सिनेमात नाही," ते निर्मात्यांना म्हणाले. निर्मात्यांनी पुढे भुताचा विनोदी सिनेमा काढला, तो चाललाही.

बसथांब्यावर मी रडकुंडीला आले होते. "प्रसंग वाईट होता का, सर?"

"उत्तम होता. मला रडू आलं."

"मग?"

"अहो, मी चाळीस वर्षं कागद वाचतोय, आणि ते वाचताना पुरावा विचारायचं क्षणभर विसरलो. इतरांचं काय होईल?"

सरांना जाऊन आता दोन वर्षं झाली. मी चार ऐतिहासिक सिनेमे लिहिले, चारही चालले. पडद्यावर आधी 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी येते, मग लोक मनसोक्त रडतात. बाहेर पडताना माझा हात हातात घेऊन म्हणतात, हे सगळं खरंच घडलं होतं ना? मी हो म्हणते.