वहिनींचं जुनं पॅन कार्ड

जुलै लागला की आमच्या ओट्यावर माझं दुकान लागतं. दुकान म्हणजे एक लॅपटॉप, एक एक्स्टेन्शन बोर्ड आणि फुकट सल्ला देणारा मी. लोणावळ्यात राहून मी हॉटेलांची मेनूकार्डं, चिक्कीच्या खोक्यांवरची चित्रं, बंगल्यांच्या पाट्या असली कामं घरबसल्या करतो. पगार नाही, साहेब नाही, त्यामुळे रिटर्न भरायचं माझं मलाच शिकावं लागलं. लॅपटॉप, इंटरनेट, पुण्याला जायचा पास, सगळं मी धंद्याच्या खर्चात रीतसर दाखवतो. एका वर्षी छत्रीसुद्धा दाखवली होती. लोणावळ्यात छत्रीशिवाय गिऱ्हाइकाकडे जाऊन दाखवा, मग मला हसा.

हे शिकल्यावर शेजारपाजारचे आणि खंडाळ्याच्या बंगल्यांवरचे ड्रायव्हर कागद घेऊन येऊ लागले. कुणाचा रिफंड अडकलेला, कुणाच्या बँक खात्याचा नंबर चुकलेला. मी चष्मा कपाळावर सरकवून "बघू" म्हणायचो. हे "बघू" म्हणताना मला फार बरं वाटायचं, हे कबूल करतो.

माझं सोडलं तर घरातलं रिटर्न एकच होतं, वहिनींचं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर सुदुंबऱ्याचं. खंडाळ्यात बंगले भाड्याने देणारी एक कंपनी आहे, तिच्या पाहुण्यांसाठी वहिनी शनिवार-रविवारचा स्वयंपाक करून देतात. कंपनी टीडीएस कापून पैसे खात्यात टाकते. तो इतका जास्त का कापला जातोय म्हणून मी बघायला गेलो, तेव्हा कळलं की वहिनींचं पॅन बंद पडलंय. आधार आणि बँकेचं खातं सासरच्या नावाचं, आणि पॅन लग्नाआधीचं, माहेरच्या नावाचं. दोन्ही जुळेनात म्हणून पॅन आधारला जोडलं गेलं नव्हतं. कर जास्त कापला होता, आणि रिटर्न भरून वर्ष होत आलं तरी रिफंड जागचा हलत नव्हता. त्या पैशात डीप फ्रीज घ्यायचा असं घरात ठरलेलं होतं.

आमच्याकडे लग्नात नवरीचं नुसतं आडनाव बदलत नाहीत, तिचं स्वतःचं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा त्यात अंगठीने नवं नाव लिहितो. भाऊ लाजाळू. ताट पुढे आलं तेव्हा त्याला काही सुचेना, म्हणून त्याने मान वळवून मला विचारलं. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि एका नटीवर जीव टाकून होतो. मी तिचं नाव पुटपुटलो. भावाने ते लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी मित्रांकडे बघून डोळा मारला. माझ्या एका उन्हाळ्याच्या खुळापायी एक बाई जन्मभराची वेगळी होऊन बसली, हे त्या मांडवात माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

पॅन कार्ड मागितलं तेव्हा वहिनींनी ते कपाटातून काढून, प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर न काढताच माझ्या हातात दिलं.

"भावजी, जपून ठिवा बरं. फॅक्टरीत लागले तवा आण्णांनी काढून दिलंय. दोनदा तळेगावला खेपा घातल्या त्यांनी. माझं नाव समद्याकडनं गेलं, ह्येच्यावर तेवढं ऱ्हायलंय."

आण्णा म्हणजे त्यांचे वडील. ते जाऊन फार दिवस झाले नव्हते. मी "हो हो" म्हणालो आणि कार्डाचा फोटो काढायला लागलो.

मार्ग दोन होते. आधार आणि बँकेत माहेरचं नाव परत लावून घ्यायचं, म्हणजे केंद्रावर रांग, बँकेत खेपा, आणि प्रत्येक टेबलावर "आता कशाला बदलताय?" हा प्रश्न. नाहीतर पॅनवरचं नाव बदलायचं. लग्नाचा दाखला, दोन फोटो, एक सही, संपलं. मी दुसरा मार्ग धरला. वहिनींना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या हे मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही. नुसता विसरलो असतो तर आज एवढं टोचलं नसतं.

अर्ज घेऊन स्वयंपाकघरात गेलो तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. पदराला हात पुसत त्यांनी विचारलं, "काय हाय ह्ये?"

"रिफंडचं आहे. इथे सही करा."

त्यांनी केली. मी बोट ठेवलं तिथे, वाचल्याशिवाय. घरात शिकलेला मी, मग वाचायचं कशाला?

पुढचं सगळं सुरळीत झालं. नवं कार्ड आलं, विलंबाचा दंड भरून ते आधारला जोडलं, रिफंड पुन्हा पाठवा म्हणून विनंती टाकली. काही आठवड्यांनी वहिनींच्या फोनवर पैसे जमा झाल्याचा मेसेज वाजला. भाऊ पेढे घेऊन आला. मीही फुशारलो आणि नवं कार्ड वहिनींच्या हातात ठेवलं.

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"आन् जुनं?"

"कापून टाकलं. दोन ठेवली तर दंड होतो."

हे खोटं होतं. दंड दोन वेगळे नंबर असले तर होतो, इथे नंबर तोच होता. जुनं कार्ड कपाटात पडून राहिलं असतं तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. मी ते घोळ नको म्हणून कात्रीने कापून कचऱ्यात टाकलं होतं आणि हात झटकले होते.

वहिनी चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मी वाद घातला असता, नियम सांगितले असते, त्यात मी पटाईत आहे. त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं. पॅनवर बाईचं नाव बदललं तरी त्याखाली नवऱ्याचं नाही, बापाचंच नाव राहतं. वरच्या ओळीत मी मांडवात पुटपुटलेलं नाव होतं आणि खालच्या ओळीत आण्णांचं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "आण्णांना या नावाची पोरगी कवाच नव्हती."

मग त्यांनी कार्ड डब्यांच्या फळीवर ठेवलं आणि भावाला म्हणाल्या, फ्रीज बघायला उद्या जाऊ.

फ्रीज आला. घरी सगळे अजून माझं कौतुक करतात. मी पहिलं नाव परत लावायची चौकशी करून आलो, राजपत्रापासून सगळं पुन्हा करता येतं. वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता. कुटं परत सह्या करत बसू." माझ्या बोटाखाली सही करायची त्यांची इच्छा उरलेली नाही, हे मला कळलं, आणि ते बरोबरच आहे.

यंदाही जुलैत ओट्यावर बसलो. आता कुणाचीही सही घ्यायच्या आधी कागद मोठ्याने वाचून दाखवतो. लोक कंटाळतात. वहिनी आतून ऐकत असतील, असं मला सारखं वाटत राहतं.

लग्नापासून मी त्यांना वहिनीच म्हणत आलोय, मांडवात पुटपुटलो ते सोडलं तर दोन्हींपैकी एकही नाव माझ्या तोंडून कधी निघालं नाही. इथेही मी त्यांचं नाव लिहिलेलं नाही. कोणतं लिहू, हे त्यांना विचारायला हवं, आणि ते विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.